लोखंडी साकव असा बांधा की प्रत्येक भाग सोडवता येईल

कोकणात वहाळ-ओढ्यांवरच्या लोखंडी ट्रस (त्रिकोणांत जोडलेल्या अँगलच्या चौकटीच्या) साकवांची दुरुस्ती बहुतेक वेळा एकाच जागी अडते. गंजलेला तुकडा सगळ्यांना दिसत असतो, पण तो काढायचा कसा हे कुणालाच सांगता येत नाही. सगळे जोड वेल्ड केलेले, डेकची (चालायच्या पृष्ठभागाची) चेकर्ड प्लेट क्रॉस बीमला, म्हणजे खालच्या आडव्या तुळईला, वेल्ड केलेली, बेस प्लेट काँक्रीटमध्ये बुडालेली. मग गंजावर पट्टी मारून वेल्डिंग होतं, वर रेड ऑक्साइडचा हात फिरतो आणि दोन पावसाळ्यांनी त्याच जागी पुन्हा भोक पडतं.

ही चूक दुरुस्ती करणाऱ्याची नाही, साकव बांधला तेव्हाची आहे. कुठला भाग कुठल्या बाजूने निघेल, तो काढताना त्याचा भार कोण घेईल आणि जॅक कुठे लागेल, हे पहिला अँगल कापण्याआधी ठरवावं लागतं. पुढचे टप्पे त्या क्रमानेच आहेत. ग्रामपंचायतीतले सदस्य, कनिष्ठ अभियंते आणि फॅब्रिकेटर या तिघांनाही ते उपयोगी पडावेत. मापं आणि जाडी स्ट्रक्चरल इंजिनियरच ठरवेल. त्याच्याकडून काय मागायचं, ते इथे आहे.

सोयीसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. फक्त पायी जाण्यासाठीचा साकव, गाळा १५ मीटर, रुंदी १.५ मीटर, दोन्ही बाजूंना १.५ मीटर उंचीचे ट्रस, प्रत्येकात २.५ मीटरचे सहा कप्पे. उभे अँगल दाबात (दोन्ही टोकांकडचा पहिला उभा मात्र ताणात), तिरपे मध्याकडे उतरणारे आणि ताणात, टोकाचे दोन तिरपे मात्र दाबात. डेक बॉटम कॉर्डच्या, म्हणजे ट्रसच्या खालच्या लांब कडेच्या, पातळीवर (वरची कड ती टॉप कॉर्ड) आणि डोक्यावर काहीही नाही.

टप्पा १: लोखंडाआधी जागा पाहा

तीन गोष्टी मोजा. पुराची सर्वांत वरची रेषा वाडीतल्या जुन्या माणसांना विचारा आणि झाडांना अडकलेला कचरा पाहून पडताळा. वहाळाला पाणी चढतं तेव्हा ओंडकेही वाहून येतात आणि वरच्या अंगाच्या, म्हणजे पाणी येतं त्या बाजूच्या, बॉटम कॉर्डवर आदळतात. तेवढी मोकळी जागा खाली मिळत नसेल, तर त्या बाजूची बॉटम कॉर्ड कधीतरी वाकणार हे धरून चाला आणि तिचे सुटे तुकडे आधीच बनवून घ्या.

दुसरी गोष्ट वाट. लॉरी कुठवर येते आणि तिथून पुढे लोखंड खांद्यावरून किती न्यायचं? ६५ × ६५ × ६ चा अँगल मीटरला साधारण ५.८ किलो भरतो, म्हणजे पाच मीटरचा तुकडा २९ किलोचा. तो दोन माणसं पायवाटेने नेतात. आख्खा वेल्ड केलेला अर्धा ट्रस नेता येत नाही, आणि उद्या त्यातला एक भाग बदलायचा झाला तर तेवढ्यासाठी क्रेन येणार नाही. सर्वांत जड सुटा भाग चार माणसांना उचलता यावा, ही अट ड्रॉइंगवर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट जॅकची जागा, आणि हीच हमखास विसरली जाते. टोकाच्या क्रॉस बीमखाली जॅक बसायला किमान ३०० मिमी उंची आणि त्यापुढे ४०० मिमी सपाट कट्टा हवा. जुन्या जांभ्याच्या भिंतीवर साकव बसवत असाल तर वर काँक्रीटचा पट्टा ओतताना हा कट्टा त्यातच काढा. उदाहरणातल्या साकवाचं स्वतःचं वजन डेकसह मीटरला ३०० किलो धरलं, तर एका टोकावर सव्वादोन टन येतात आणि एका कोपऱ्यावर सव्वा टनाहूनही कमी. दोन पाच-टनी बॉटल जॅक पुरतात. जागाच ठेवलेली नसेल तर तोच साकव उचलायला वहाळात मनोरा बांधावा लागतो.

तपासा: कट्ट्यावर उभं राहून टोकाच्या जोडाला हात लागतो का? तारेचा ब्रश मागच्या बाजूलाही पोचतो का? नसेल तर बेअरिंगची, म्हणजे साकवाचं टोक टेकतं त्या जागेची, पातळी वर घ्या.

टप्पा २: इंजिनियरकडून दोन रकान्यांचा तक्ता घ्या

पादचारी भारासाठी आयआरसी ६ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांवरच्या भारांच्या नियमावलीत) साधारण ठिकाणी चौरस मीटरला ४०० किलो, आणि तीर्थक्षेत्र असलेल्या किंवा मोठी जत्रा भरते अशा गावाजवळ ५०० किलो धरायला सांगितलं आहे. कोकणात पालखी, जत्रा आणि गणपती विसर्जन याच वाटांवरून जातं. म्हणून ५०० च धरा. उदाहरणातल्या साकवावर ते सव्वाअकरा टन होतात.

पण नुसता हा आकडा पुरत नाही. प्रत्येक भागात रिकाम्या साकवाला किती ताण किंवा दाब असतो आणि भरलेल्याला किती, असा दोन रकान्यांचा तक्ता मागा. दुरुस्ती नेहमी पहिल्या रकान्यावर होते. उदाहरणातल्या बॉटम कॉर्डच्या मधल्या कप्प्यात रिकाम्या साकवाला साधारण अडीच टन ताण येतो, गर्दीने भरल्यावर पावणेनऊ टन. गर्दी उतरली की दोन तृतीयांशाहून जास्त भार गेला, आणि डेकच्या प्लेटा उचलल्या की उरलेल्यातलाही काही जातो.

यावरून इंजिनियरला घालायची मुख्य अट निघते: बॉटम कॉर्ड आणि तिरपे जोडीच्या अँगलचे असावेत आणि जोडीतला एक काढल्यावर उरलेल्याने रिकामा साकव आरामात पेलावा. उदाहरणात ही अट सहज बसते. ६५ × ६५ × ६ च्या एका अँगलचं क्षेत्रफळ ७४४ चौरस मिमी. १८ मिमीचं भोक वजा केलं की ६३६ उरतं. त्यावर अडीच टन म्हणजे चौरस मिमीला सुमारे ३९ न्यूटन. आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई २५० लोखंडाची ताणून कायमचं लांबायची मर्यादा २५० आहे. एका बाजूच्या अँगलने जोड थोडा वाकडा ओढला जातो, तो हिशेब इंजिनियर करेल. तरीही हातात भरपूर जागा उरते.

टॉप कॉर्डला मात्र हा नियम लावू नका. ती दाबात आहे, आणि दाबातला एकटा बारीक अँगल तुटण्याच्या खूप आधी वाकून जातो. तिथे खालून टेकूच द्यावा लागतो.

सावधान: मधल्या कप्प्यातले तिरपे कायम ताणात राहत नाहीत. लोक साकवाच्या एका टोकाकडेच जमले तर उदाहरणातल्या तिसऱ्या कप्प्यात बळ उलटं होऊन तिरपा दाबात जातो. तिथे सळई किंवा चपटी पट्टी लावून लोखंड वाचवू नका. तो अँगलच हवा.

टप्पा ३: जोडांचं ड्रॉइंग

सगळा वेळ इथे घाला. साकव दुरुस्त होणारा की टाकाऊ, ते गसेट प्लेटवर, म्हणजे जोडात सगळे अँगल ज्या प्लेटला बोल्ट होतात तिच्यावर, ठरतं.

सगळीकडे एकच बोल्ट वापरा. १६ मिमी, ८.८ ग्रेड, त्याचा पाना २४ नंबरचा. इथे १२, तिथे २० अशी सरमिसळ झाली की दहा वर्षांनी चुकीच्या भोकात चुकीचा बोल्ट जातो. आयएस ८०० (लोखंडी बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे १६ च्या बोल्टला १८ चं भोक, दोन बोल्टांत किमान ४० मिमी अंतर. तुम्ही ५० ठेवा, म्हणजे पाना फिरायला जागा राहते. अँगलच्या टोकापासून पहिल्या भोकाचा मध्य ३५ मिमीवर. प्रत्येक टोकाला हिशेबाने दोन बोल्ट पुरत असले तरी तीन घ्या, म्हणजे गंजलेले बोल्ट एकेक करून बदलताना जोड कधीच एका बोल्टावर राहत नाही.

प्रत्येक गसेटमध्ये एक जादा भोक ठेवा, २२ मिमीचं, कुठल्याही अँगलखाली न झाकलेलं. त्याला ड्रॉइंगवर ‘दुरुस्तीचं भोक’ म्हणून दाखवा. उद्या तिरपा काढायचा झाला की दोन टोकांच्या या भोकांत शॅकल (यू आकाराची कडी) अडकवून चेन पुलीने ताण घेता येतो. फॅब्रिकेटरला हे पाच मिनिटांचं काम आहे. लटकलेल्या साकवावर ड्रिल करायचं म्हटलं तर एक दिवस आणि एक जोखीम. गसेटच्या जाडीच्या हिशेबात हे भोक धरायला इंजिनियरला सांगा.

गसेटची जाडी अंदाजाने ठरवू नका. अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू हा ट्रस पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला आणि १३ जणांचा जीव गेला. तपासात निघालं की काही जोडांच्या गसेट प्लेटा हव्या होत्या त्याच्या साधारण निम्म्या जाडीच्या होत्या. पुलाचं वजन वर्षानुवर्षं काँक्रीट घालून वाढत गेलं होतं आणि त्या दिवशी दुरुस्तीचं साहित्य डेकवर रचून ठेवलेलं होतं. आपला साकव त्यापुढे चिमुकला आहे, पण त्या तिन्ही चुका आपल्याकडेही होतात.

आता पाणी आणि माती. पाठीला पाठ लावलेल्या दोन अँगलमध्ये गसेटच्या जाडीएवढीच फट राहते. तिथे ब्रश जात नाही, पाणी जातं. आतला गंज फुगतो आणि अँगलांना एकमेकांपासून ढकलून बोल्टाची डोकी ताणतो. यावर दोन उपाय. एक, दोन्ही अँगल हात जाईल इतके, म्हणजे १०० मिमीच्या आसपास, लांब ठेवून दोन गसेट वापरा आणि मध्ये पट्ट्यांनी बांधा. दुसरा, फट अरुंदच ठेवायची असेल तर प्रत्येक अँगल सुटा असतानाच झिंकमध्ये बुडवून घ्या. खाडीच्या वाऱ्यात पहिला उपायही करा आणि दुसराही.

आयएस ८०० च्या १९८४ च्या आवृत्तीत एक नियम होता. रंगाचा ब्रश पोचतो तिथे उघड्या लोखंडाला किमान ६ मिमी जाडी, पोचत नाही तिथे ८. हा नियम आजही पाळावा असं माझं ठाम मत आहे. चौकोनी पाइप दिसायला सुबक असतो, पण तो आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. त्याला बोल्टचा जोडही नीट देता येत नाही. पावसाच्या मुलखात ट्रससाठी पाइप घेऊच नका.

बॉटम कॉर्डचा अँगल आडव्या पायाने खाली ठेवला की त्यावर पानं आणि चिखल साठतो. आडवा पाय वर घ्या. जमत नसेल तर प्रत्येक जोडापाशी पाणी निघायला वाट ठेवा.

डोक्यावर आडवं काही नसलेल्या ट्रसची टॉप कॉर्ड बाजूला कलंडू न देण्याचं काम क्रॉस बीम आणि दोन बाजूंचे उभे मिळून करतात, यू आकाराच्या ताठ चौकटीसारखे. म्हणून क्रॉस बीम आणि उभ्याच्या जोडाला किमान चार बोल्ट आणि बाहेरच्या अंगाने तिरपा टेकू लागतो. गंजलेला क्रॉस बीम सरळ कापून काढला की नुसता डेकचा आधार जात नाही, टॉप कॉर्डला धरणारा हातही जातो. यासाठी प्रत्येक उभ्यात डेकच्या वर दोन जादा भोकं ठेवा. क्रॉस बीम काढण्याआधी तिथे समोरासमोर तात्पुरता चॅनल आवळता येतो.

डेकची प्लेट बोल्टवरच बसवा. १.२५ × ०.७५ मीटरचा ६ मिमी चेकर्ड प्लेटचा तुकडा साधारण ४६ किलोचा होतो, तो दोघेजण उचलतात. दोन तुकड्यांत १० मिमी फट ठेवा. पाणी निघून जातं आणि पहार घालून प्लेट उचलायलाही जागा मिळते.

बेअरिंग: एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला लांबट भोक. १५ मीटर लोखंड ४० अंशांच्या फरकात ७ मिमीच्या थोडं वर सरकतं, म्हणून दोन्हीकडे १० मिमीची मोकळीक पुरते. बेस प्लेट काँक्रीटच्या पातळीवर न ठेवता उंचवट्यावर ठेवा आणि अँकर बोल्टाचे नट उघडे राहू द्या. गवंड्याचा हात तिथे सवयीने काँक्रीटचा गोळा मारतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

तपासा: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक बोल्टावर बोट ठेवून विचारा, पाना कुठून जाईल आणि बोल्ट निघायला मागे जागा आहे का. एकाही बोल्टाला उत्तर नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा.

टप्पा ४: वर्कशॉपमध्ये

क्रम असा ठेवा: कापणं, टेम्प्लेटवरून भोकं पाडणं, नंबर उठवणं, जमिनीवर पूर्ण जोडणी, सोडवणं, झिंक. या क्रमात काहीही मागेपुढे झालं की साइटवर गॅस कटर निघतो.

टेम्प्लेट म्हणजे १० मिमी प्लेटमध्ये एकदाच अचूक पाडलेली भोकं. डाव्या ट्रसचा तिसरा तिरपा उजव्या ट्रसच्या तिसऱ्या जागी बसला पाहिजे, आणि पंधरा वर्षांनी त्याच टेम्प्लेटवरून बनवलेला नवाही. टेम्प्लेट साकवाच्या मालकाकडे जमा करायचं, वर्कशॉपमध्ये ठेवायचं नाही, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहा.

भोकं ड्रिलचीच. गॅसने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं, त्याची कड जळून ठिसूळ होते, आणि बोल्ट त्यात एका टोकावरच टेकतो.

नंबर रंगाने लिहू नका. रंग राहिलेल्या जागी झिंक नीट धरत नाही, आणि नंबरही टिकत नाही. खोल पंच मारा किंवा वेल्डिंगच्या मण्यांनी अक्षर काढा. डावा-उजवा, कप्पा क्रमांक आणि भागाचं नाव, एवढं पुरे.

जमिनीवरच्या जोडणीत मधला भाग ड्रॉइंगप्रमाणे वर उचललेला हवा, या गाळ्याला साधारण ३० मिमी. दोरी ताणून मोजा. इथे एकही बोल्ट हातोड्याने ठोकून घालावा लागला तर तो भाग बाजूला काढा.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये ५ मिमी आणि त्याहून जाड लोखंडावर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम झिंक हवं. हे आयएस ४७५९ प्रमाणे प्रमाणपत्रावर मागा. बोल्ट आणि नट एकाच पुरवठादाराकडून जोडीने घ्या. झिंक चढल्यावर नटाचे आटे थोडे सैल काढलेले असतात. दुसऱ्या ठिकाणचा नट एकतर बसत नाही नाहीतर ढिला राहतो.

टप्पा ५: उभारणी

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मेच्या मध्याआधी संपवा. पात्र कोरडं असताना खालून टेकू देता येतात, तोच सर्वांत सुरक्षित मार्ग.

१. दोन्ही काठांवर बेअरिंगच्या पातळ्या लेव्हल ट्यूबने जुळवा.
२. प्रत्येक जोडाखाली टेकू देऊन बॉटम कॉर्ड मांडा. मधला उंचवटा इथेच द्या.
३. क्रॉस बीम, मग उभे. दोन्ही बाजूंचे उभे ओळंब्यात आणा आणि बाहेरचे टेकू बसवा.
४. टॉप कॉर्ड, मग तिरपे.
५. खालचं आडवं ब्रेसिंग.
६. सगळे बोल्ट हाताने फिरवून ठेवा. दोन्ही ट्रसचे कर्ण मोजा. ते जुळले की मध्यापासून टोकांकडे पूर्ण आवळत जा.
७. टेकू मध्यापासून काढायला सुरुवात करा, थोडे थोडे. उंचवटा परत मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पुढची सगळी वर्षं हाच तुमचा मूळ आकडा.
८. डेक शेवटी.

नट नेहमी डेकच्या बाजूला ठेवा, म्हणजे चालता चालता हात लावून पाहता येतात. चोरीच्या भीतीने नटाला वेल्डचा टिपका देतात. त्याने झिंक जळतं आणि बोल्ट कायमचा अडकतो. हाताशी येणाऱ्या जागी डबल नट लावा, फार भीती असेल तर नटाबाहेरचे आटे पंचने दाबा. तो बोल्ट पुढे कापून टाकावा लागेल, पण एका बोल्टापलीकडे काही जाणार नाही.

सावधान: भोक जुळत नाही म्हणून साइटवर गॅसने मोठं करू देऊ नका. दोन मिमीपर्यंतचा फरक रीमरने (भोक तासून मोठं करायच्या हत्याराने) काढा. त्याहून जास्त असेल तर बॉटम कॉर्डची पातळी चुकली आहे, ती परत पाहा.

टप्पा ६: ताब्यात घेण्याआधी सोडवून दाखवायला लावा

शेवटचं बिल देण्याआधी ठेकेदाराने रिकाम्या साकवावर तीन भाग काढून पुन्हा बसवून दाखवायचे: डेकची एक प्लेट, एक क्रॉस बीम, एक ताणातला तिरपा. ही अट निविदेतच असावी. कागदावर सुटणारा साकव आणि खरोखर सुटणारा साकव यांतला फरक इथेच कळतो, आणि तेव्हा तो दुरुस्त करायला पैसे आणि माणसं दोन्ही हजर असतात.

तिरपा काढायचा क्रम:

१. साकव रिकामा करा आणि दोन्ही टोकं बंद करा. दुसऱ्या रकान्यातला आकडा विसरा, पहिला पाहा. उदाहरणातल्या दुसऱ्या कप्प्याच्या तिरप्यात रिकाम्या साकवाला सुमारे १.१ टन ताण आहे.
२. काढायच्या तिरप्याच्या दोन गसेटवर पंचने खुणा करून त्यांतलं अंतर स्टीलच्या टेपने मोजा.
३. दुरुस्तीच्या भोकांत शॅकल घालून गसेटच्या दोन्ही अंगांना एकेक दोन-टनी चेन पुली लावा. दोन्ही सारख्या ओढा, नाहीतर गसेट पिळतो.
४. एकेक बोल्ट सैल करून पाहा. हाताने फिरला की ताण चेनवर आला. घट्टच असेल तर अजून ओढा, हातोडा घेऊ नका.
५. जोडीतला एक अँगल काढा, नवा बसवा, मगच दुसरा.
६. चेन सोडा आणि अंतर परत मोजा. पहिल्या आकड्याहून फरक एक मिमीच्या आत हवा.

दाबातल्या भागाला, म्हणजे मधले उभे, टोकाचे तिरपे आणि टॉप कॉर्ड यांना, चेनचा काही उपयोग नाही. तिथे कोरड्या पात्रातून शेजारच्या दोन्ही जोडांखाली टेकू देऊन भार उतरवावा लागतो. उन्हाळ्यातच करायचं काम आहे हे. टेकू पाचरींनी आवळा, साकव दोन-तीन मिमी वर उचलला जाईल इतकाच.

टप्पा ७: सुटे भाग आणि कागद

प्रत्येक प्रकारचे दोन तिरपे, एक क्रॉस बीम, वरच्या अंगाच्या बॉटम कॉर्डचा एक तुकडा, डेकच्या दोन प्लेटा, एकूण बोल्टांच्या दहा टक्के बोल्ट, टेम्प्लेट आणि २४ चे दोन पाने. हे सगळं मूळ ऑर्डरमध्येच घ्या. नंतर दोन अँगलसाठी झिंकवाला टाकी पेटवत नाही. सामान शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, जमिनीपासून उंच, यादी लावून.

दोन रकान्यांचा तक्ता आणि भागांच्या नंबरांचं चित्र लॅमिनेट करून त्याच खोलीत लावा. एक प्रत बांधकाम विभागाच्या फाइलमध्ये. साकवावर छोटी प्लेट: बांधल्याचं वर्ष, भार, बोल्टचा आकार.

दुरुस्तीच्या वेळी होणाऱ्या चुका

गंजावर पट्टी वेल्ड करणं. पट्टी आणि जुना अँगल यांच्यामध्ये नवी फट तयार होते आणि गंज तिथे आणखी वेगाने वाढतो. भाग बदला. आणीबाणीत पट्टी लावावीच लागली तर बोल्टने लावा आणि काढायची तारीख लिहा.

झिंक चढलेल्या लोखंडावर तसंच वेल्डिंग. निघणारा पांढरा धूर नाकात गेला की त्याच रात्री थंडी-ताप येतो. झिंक ५० मिमीपर्यंत घासून काढा, वारा येतो त्या बाजूला उभे राहा आणि नंतर झिंकचा रंग द्या.

ओंडक्याने वाकलेली बॉटम कॉर्ड गॅसने तापवून सरळ करणं. तापलेलं लोखंड मऊ पडतं, आणि ते अडीच टनांच्या ताणात आहे. टेकू देऊन तुकडा बदला, टप्पा ३ पाळला असेल तर तो निघतोच.

डेक घसरडं झालं म्हणून वर काँक्रीट ओतणं. ७५ मिमीचा थर १५ × १.५ मीटरवर चार टन होतो. साकवाचं स्वतःचं वजन साडेचार टन. म्हणजे तक्त्यातले दोन्ही रकाने एका दिवसात खोटे ठरतात, शिवाय डेक कायमचं बंद होतं. प्लेट बदला. रेती-सिमेंटच्या गोण्यासुद्धा साकवावर रचू नका, काठावर ठेवा.

साकव फक्त पाटी लावून बंद करणं. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जण गेले. धोक्याची पाटी तिथे होती. मे २०१७ मध्ये गोव्यात सावर्डे-कुडचडे इथला पोर्तुगीजकालीन पादचारी पूल वापरासाठी बंद असूनही बचावकार्य पाहायला लोक त्यावर चढले आणि तो तुटला. पाटीने पूल बंद होत नाही. बोल्टचं डेक असेल तर दोन्ही टोकांच्या पहिल्या दोन-दोन रांगांच्या प्लेटा काढून न्या, पुढे कठड्याचा अँगल आडवा बोल्ट करा आणि रात्री दिसेल असा पांढरा-लाल रंग द्या.

वर्षातून दोनदा पाहणी, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मेमध्ये डेकच्या चार प्लेटा उचलून खालचे जोड साफ करायचे, लांबट भोकाचं बेअरिंग मोकळं सरकतंय का पाहायचं, कट्ट्यावरची माती काढायची. ऑक्टोबरमध्ये आधी वरच्या अंगाच्या बॉटम कॉर्डला दोरी लावून वाक पाहायचा, मग प्रत्येक जोडावर हलका हातोडा: खणखणीत आवाज आला तर ठीक, दबका आला तर तिथला बोल्ट सैल आहे किंवा आत गंज साठलाय. मध्याचा उंचवटा मोजून मूळ आकड्याशेजारी लिहा. १६ मिमीचे बोल्ट पहिल्या वर्षी भोकात बसतात, म्हणून दोन-चार मिमी उतरणं चालतं. दुसऱ्या वर्षानंतर आकडा सरकत राहिला तर इंजिनियरला बोलवा, आणि तो येईपर्यंत टोकाच्या प्लेटा काढून ठेवा.